झाडामागचं घर

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ज्यानं म्हणून बंगला बांधला, त्याला हॉलच्या एका भिंतीवर सिनरी हवी असे. देवघर लहान झालं तरी चाले, स्वयंपाकघरात दोन बायका एका वेळी वळू शकल्या नाहीत तरी चाले, पण सोफ्याच्या मागं डोंगर पाहिजे म्हणजे पाहिजे. डोंगरही साधा नाही, शेंड्यावर बर्फ घेतलेला. खाली निळीशार नदी, काठावर लाल उतरत्या छपरांची घरं, पाण्यात दोन बदकं. हे कुठलं म्हणून विचारलं की मालक "स्वित्झर्लंड" म्हणायचा, तेही अशा थाटात, की जणू परवाच तिथून भाजी घेऊन आलाय. दवाखान्यात तेच, सलूनमध्ये तेच, मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागंही तेच. याच बंगल्यांच्या गच्चीवरून पन्हाळा स्पष्ट दिसतो. पण गच्चीवर टाकी भरली का बघायला जाणाऱ्यांना तो कधी दिसला नाही.

मी या सगळ्यांना तुच्छ मानायचो. वय सव्वीस, चित्रकलेची पदविका नुकतीच हातात पडलेली, आणि डोक्यात भरलेली हवा तर विचारूच नका. आम्ही पाच-सहा जण सकाळी पंचगंगेच्या घाटावर बोर्ड घेऊन बसायचो. समोर दिसतं तेच काढायचं, फोटोवरून काढणारा तो चोर, अशी आमची श्रद्धा होती. चित्र झालं की चहाच्या गाड्यावर जमून गावातल्या उरलेल्या सगळ्या चित्रकारांची बिनपाण्यानं करायचो. अमक्याला रंग कळत नाही, तमक्याला कंपोझिशन कळत नाही. कंपोझिशन, म्हणजे चित्रात काय कुठं बसवायचं आणि काय गाळायचं, हे तर आमचं दैवतच. पोटासाठी मी दुकानांचे बोर्ड रंगवत होतो, पण ती गोष्ट आमच्यात कुणी काढत नसे, कारण बाकीचेही तेच करत होते.

एका फ्रेमवाल्याच्या दुकानात माझं घाटाचं एक जलरंगातलं चित्र लावलेलं होतं. ते बघून एक जण माझा पत्ता शोधत घरी आला. शिरोली एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप होतं, फौंड्रीतून आलेले ओतीव भाग मशीनवर घासूनपुसून द्यायचा. पन्नाशीचा, अंगानं दणकट, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्यानं नवीन बंगला बांधला होता आणि अर्थातच त्यालाही भिंत रंगवून हवी होती.

"पेंटर, बारा फुटात बसंल न्हवं?"

"मी पेंटर नाही, चित्रकार आहे," मी म्हणालो.

"तेच की ओ," तो म्हणाला, आणि मला मोटारसायकलवर मागं बसवून थेट बंगल्यावर घेऊन गेला.

हॉल कसा होता ते सांगण्यासारखं नाही. काचेचं शोकेस, त्यात बाहुल्या, ताजमहाल आणि कुठल्याशा कबड्डी स्पर्धेची ढाल. सोफ्याला प्लॅस्टिक तसंच. त्यानं कपाटातून एक चकचकीत पोस्टर काढून फरशीवर पसरलं. बर्फाचे डोंगर, नदी, लाल छपरं. पुढच्या कुरणात पाच-सहा धष्टपुष्ट गायी.

"हेच काढायचं. फकस्त गायींच्या जागी म्हशी घाला."

"म्हशी? बर्फात?"

"मग? आमच्यात गायी न्हाईत. आलं-गेलं माणूस विचारणार, कुठल्या ह्या."

मी हसू दाबत होतो तेवढ्यात आतून त्याचा वास्तुवाला आला. त्या वर्षांत या जमातीचं फार पीक आलं होतं. कालपर्यंत विम्याची पॉलिसी विकणारा हा गृहस्थ आता खिशात होकायंत्र घेऊन हिंडत होता. त्यानं पोस्टर बघितलं, दार बघितलं, आणि मान हलवली. म्हणे नदी दाराकडं वाहतेय. नदी बाहेर गेली की लक्ष्मीही तिच्यामागून जाणार. तेव्हा नदी घरात वाहती दाखवायची, म्हणजे डावीकडून उजवीकडं.

"उजवीकडं डोंगर आहे. मग नदी डोंगर चढणार का?" मी विचारलं.

"चित्रातच हाय की," मालक म्हणाला, "चढंल."

मी उठलो. खरंच उठलो, चपलेत पाय घातले. घाटावरच्या टोळीला सांगायला मस्त किस्सा मिळाला होता, त्यापलीकडं मला त्या घरातून काहीएक नको होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून आवाज आला.

"कुठला म्हनायचा रं ह्यो डोंगूर?"

त्याची आई होती. इतका वेळ ती तिथं आहे हेच मला कळलं नव्हतं. सत्तरीची, काटकुळी, गुडघे धरलेले, एक डोळा पांढुरका झालेला.

"परदेशातला हाय, आई."

"तिथं आपलं कोण हाय?"

वास्तुवाल्यानं होकायंत्र खिशात घातलं.

"आपला काढा म्हनावं की," ती म्हणाली. "आपला डोंगूर, आपली नदी, आपली घरं. आणि नदी वळवायची हौस सरकारनं भागवली एकदा. आता हुती तशी काढा."

त्यांचं गाव पश्चिमेला, डोंगरात होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि सगळ्यांना उचलून शिरोळच्या बाजूला सपाट रानात वसाहत करून दिली. एका रांगेत घरं, एका मापाचे प्लॉट, आणि जमीन अशी खारपड, की पहिली काही वर्षं पेरलेलं उगवेना. पोरगा शेती सोडून फौंड्रीत लागला, तिथून वर आला, बंगला बांधला. म्हातारी बंगल्यात आली. पण तिच्या मनातलं गाव अजून तिथंच होतं, आणि ते बघायला तिला जागा राहिली नव्हती.

मी चपला काढल्या. आनंद तर असा झाला की विचारू नका. पण खोटं कशाला बोलू, आनंद म्हातारीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. कोल्हापुरात पहिल्यांदा एका हॉलच्या भिंतीवर खरा सह्याद्री येणार होता, आणि तो मी काढणार होतो. बारा फूट! टोळीतल्या एकाही गड्यानं दोन फुटांच्या वर काही काढलेलं नव्हतं.

मालकानं थोडी कुरकुर केली, पण आईपुढं त्याचं काही चालत नसे. वास्तुवाल्याला चहा देऊन वाटेला लावलं. म्हातारीनं मला जवळ बोलावलं आणि एकच अट घातली.

"आमचं घर दिसलं पायजे. बाकी तुमचं तुमी काय बी करा."

घर कसं, तेही तिनं सांगितलं. नदीकडून तिसरं. पुढं काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांचे दगड तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नदीतून डोक्यावर वाहून आणले होते, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

"दिसेल आजी," मी म्हणालो. एवढं सोपं होतं ते म्हणणं.

मी समोर बघितल्याशिवाय काढत नाही, असं मी मालकाला मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यानं शांतपणे सांगितलं, की मे महिन्यात या. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं, देवळाचा कळस आणि मग गावठाण उघडं पडतं, आणि वसाहतीतली सगळी माणसं देवाला जातात. मी बोर्ड, कागद, टोपी घेऊन त्यांच्या ट्रकमध्ये चढलो. म्हातारीचे गुडघे ट्रकमध्ये चढायच्या लायकीचे नव्हते. तिनं भाकरी-कांद्याची एक पुरचुंडी पोराच्या हातात दिली आणि ट्रक वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

तिथं गेलो आणि माझा विरस झाला. डोंगर होते, झकास होते. पण गाव म्हणजे नुसता भेगाळलेला चिखल, आणि त्यात घरांची जोती, वीतभर, हातभर उंचीची. घराची एकसुद्धा भिंत उभी नाही. लोकांचं मात्र बघण्यासारखं होतं. देवाला नारळ फोडला, आणि मग जो तो आपापल्या जोत्याकडं गेला. आणि कुणीही, अगदी कुणीही, भिंतीच्या जागेवरून आत पाऊल टाकलं नाही. वळसा घालून दाराच्या जागी जायचं, चपला काढायच्या, उंबऱ्याच्या जागेला हात लावायचा, आणि मग आत. आत म्हणजे तोच चिखल. तिथं बसून भाकरी खायची. शेजारच्या जोत्यावरून हाक यायची, "काय पावणं, जेवन झालं का?" आणि इकडून उत्तर जायचं, "या की आत."

मला हसू फुटलं. चांगला कोन मिळावा म्हणून मी बोर्ड घेऊन एका जोत्यावरून सरळ आत उतरलो, तर एक बाई कडाडली.

"ओ पावणं, दारातनं या की! भिंतीतनं कोण येतंय?"

"कुठाय भिंत?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गपगुमान मागं फिरलो आणि दारातून आलो. संध्याकाळी टोळीला हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. अडाणी लोक, नसलेल्या भिंतीला अडखळतात, असं मीच म्हणालो होतो. शब्दसुद्धा मला अजून आठवतात.

मालकानं म्हातारीची पुरचुंडी तिच्या पायऱ्यांवर ठेवली. पायऱ्या तीनच होत्या आणि काळ्याच होत्या. मी त्यांचं एक लहानसं रेखाटन केलं, अर्ध्या मिनिटात. उरलेला दिवस देवळाच्या टेकाडावर बसून डोंगरांवर घालवला.

भिंतीचं काम दीड महिना चाललं. पांढरा हात देऊन घेतला, वर कोळशानं रेखाटलं. डोंगर माझ्या कागदांवरून आले, घरं म्हातारीच्या तोंडून. ती रोज सकाळी चहा झाला की खुर्ची भिंतीपुढं ओढून घ्यायची आणि सांगत राहायची. हे सुताराचं, ह्याचं दार नदीकडं. हे गुरवाचं, पुढं पारिजातक. ह्या दोघांच्या मधनं बोळ, एक म्हस जाईल एवढाच. एका बाजूनं ती एकेक घर सांगायची, दुसऱ्या बाजूनं मला कंटाळा यायचा. चित्रात चाळीस घरं म्हणजे बाजार होतो, हे तिला कोण सांगणार? मी "हं, हं" करत दोन घरांचं एक करायचो, बोळ बुजवायचो. तिला नीट दिसत नव्हतं, त्यामुळं पकडलं जायची भीती नव्हती. मोतीबिंदू पिकला होता. फक्त स्वतःचं घर तिनं माझ्याकडून चारदा तपासून घेतलं. भिंतीला नाक लावून, बोटानं चाचपत. नदीकडून तिसरं, तीन पायऱ्या. कोळशाची पूड बोटाला लागायची, ती पदराला पुसायची.

"डोळं करून घेते आता," एक दिवस ती म्हणाली. "वरीसभर पोरगा मागं लागलाय, मीच म्हनत हुते, काय बघायचं राहिलंय. आता हाय बघायला."

तिला ऑपरेशनला मिरजेला नेलं. त्याच आठवड्यात मी चित्राच्या खालच्या डाव्या भागाशी आलो आणि अडकलो.

सांगतो काय झालं ते. उजवीकडं डोंगर, गडद, जड. मधून नदी उजळत येते. डावीकडं खाली घरं, फिकट, बारीक. सगळं चित्र उजवीकडं कलत होतं, बाकावर एकाच बाजूला लठ्ठ माणूस बसावा तसं. डाव्या कोपऱ्यात अगदी पुढं काहीतरी काळंभोर, भरघोस पाहिजे होतं. एक मोठं झाड. तिथं घातलं की चित्र जागच्या जागी बसणार, नदी मागं जाणार, डोंगर दूर जाणार. मी सहा पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघितलं, आणि मला शंभर टक्के खात्री पटली. तिथं झाडच पाहिजे होतं. आणि नदीकडून तिसरं घर नेमकं तिथंच होतं.

मला ठाऊक होतं. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला पटवत आलो, की कामाच्या भरात लक्षात राहिलं नाही. साफ खोटं. एक अख्खी दुपार मी त्या घरापुढं स्टुलावर बसलो होतो. घर दोन वीत उजवीकडं सरकवता आलं असतं, झाड जरा लहान करता आलं असतं. पण मग ते झाड ते झाड राहिलं नसतं. एका म्हातारीच्या हट्टापायी कंपोझिशन मोडायचं? मग माझ्यात आणि बर्फात म्हशी घालणाऱ्यात फरक काय? असं मी म्हणालो, आणि मोठा ब्रश घेतला. आंबा काढला. काय आंबा झाला तो! मी आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं झाड. पायऱ्यांवर शेवटचा हात फिरवला तेव्हा शीळ वाजवत होतो.

म्हातारी काळा चष्मा लावून परत आली. महिनाभर वरच्या खोलीतच होती, खाली उतरायची परवानगी नव्हती. चष्मा उतरायच्या दिवशी मालकानं जेवण ठेवलं. वसाहतीतून जुन्या गावची माणसं आली, दोन टेम्पो भरून. माझ्याकडून टोळी आली, दाढ्या कोरून. रस्सा ओरपून झाला आणि गावची माणसं हात धुवायचं विसरून भिंतीला भिडली. जो तो आपलं घर शोधायला लागला. "ह्ये आमच्या चुलत्याचं." "हाड, ते सुताराचं हाय." माझ्या नदीवर, डोंगरावर, तांबड्या कटाची बोटं उमटत होती, आणि मी दात-ओठ खात उभा होतो. बुजवलेल्या बोळासाठी दोन म्हातारे एकमेकांवर ओरडत होते, की तू खोटा की मी खोटा.

टोळी मात्र मागं उभी राहून डोळे बारीक करत होती. आमच्यातला सगळ्यात खवचट, ज्यानं आयुष्यात कुणाला बरं म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "डाव्या झाडानं चित्र तोलून धरलंय. ते झाड काढलं तर सगळं ढासळेल." मला आभाळ ठेंगणं झालं.

म्हातारीला पोरानं हाताला धरून आणलं. लोकांनी वाट करून दिली. तिनं चित्र उजवीकडून बघायला सुरुवात केली, सावकाश, एखादी बाई आठवडी बाजारातून घराकडं चालत यावी तशी. डोंगर बघितला, मान हलवली. नदी बघितली. पहिलं घर, दुसरं घर. मग ती थांबली. मग परत पहिलं घर, दुसरं घर.

"आमचं घर कुठाय?"

मी पुढं झालो. "आहे आजी. झाडाच्या मागं आहे."

"तिथं झाड न्हवतं."

"तिथं आंबा कवा हुता?" एक म्हातारा म्हणाला.

मी समजावून सांगितलं. तोल, जवळचं, दूरचं, नजर कशी आत जाते. खवचट मित्रानंही भर घातली. ती ऐकून घेत होती, नव्या डोळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघत. मग तिनं त्या म्हाताऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

"असू दे. झाडामागं हाय म्हनत्यात. पानं गळली की दिसंल."

माणसं हसली. मीही हसलो, सुटलो म्हणून. आंब्याची पानं अशी गळत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, हे मला बंगल्याच्या पायऱ्या उतरताना कळलं. पण तेवढ्यावर मागं फिरावं असं काही वाटलं नाही. टोळी बाहेर चहासाठी थांबली होती.

आठ-दहा दिवसांनी शेजारच्या दुकानात फोन आला. "पेंटर, जरा येऊन जावा. आईनं भिंत नासलीया."

जाऊन बघतो तर माझ्या आंब्याच्या छातीवर एक घर. पानाला लावायचा चुना, तो पाण्यात कालवून बोटानं ओढलेला. एक चौकोन, वर दोन तिरक्या रेघा, मधे दार, आणि खाली आडव्या तीन रेघा. पहिलीतल्या मुलीनं काढावं तसं. पण जागा अचूक होती. नदीकडून तिसरं. पानांच्या गर्दीत, काळ्या हिरव्या रंगावर, ते पांढरंफेक घर हॉलमध्ये शिरल्या शिरल्या डोळ्यांत घुसत होतं, आणि नदी, डोंगर, दीड महिन्याची मेहनत सगळी त्याच्यापुढं मागं पडली होती.

मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. "आजी, हे काय केलंत? चित्र आहे हे!"

"चित्र हाय म्हनूनच काढलं," ती म्हणाली. "पान्यात कुठं काढता येतंय?"

मालक शरमून गेला होता. "पुसा ओ तेवढं. उद्या पुण्याची पार्टी यायची हाय."

मी बादली मागितली. फडकं बुडवलं, पिळलं. एका क्षणी तरी हात थांबला होता का, हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. नव्हता थांबला. छप्पर आधी गेलं, मग भिंती, मग दार. पायऱ्यांचा चुना जाड होता, तिथं जोर लावावा लागला. दोन मिनिटांचं काम. म्हातारी वेताच्या खुर्चीत बसून बघत होती. डोळे आता स्वच्छ होते, सगळं दिसत होतं तिला.

"सरकारनं निदान नोटीस तरी दिलती की," ती म्हणाली.

मी बादली मोरीत ओतली आणि निघालो. चहा घेतला नाही, घ्या म्हणून कुणी म्हणालंही नाही.

ओला चुना दिसत नाही, वाळला की वर येतो, हे मला शिकवायला शाळा लागत नव्हती. तरी विसरलो. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन, की भिंतीवर पांढरं उठलंय. घर नव्हतं आता, घराची आकारहीन पांढुरकी झाक होती, झाडाच्या बुंध्यापासून नदीपर्यंत पसरलेली. झाड पुन्हा रंगवायला दोन दिवस लागले असते, आणि दोन दिवस त्या खुर्चीकडं पाठ करून उभं राहायची माझी छाती नव्हती. हो, भ्यालो. सुदैवानं पुण्याच्या पार्टीला भिंत आवडली होती. "चालतंय की," मालक म्हणाला, "धुकं पडल्यागत वाटतंय."

म्हातारी पुढं सात-आठ वर्षं होती. मी तिकडं फिरकलो नाही. दोन हजार सालानंतर ती गेल्याचं कळलं, आणि नंतर कधीतरी मालकाचा निरोप आला, की पोराच्या लग्नाआधी हॉलला लाकडी पॅनेल मारायचं आहे, चित्राचा फोटो पाहिजे तर काढून घ्या. तेव्हा गेलो. कोपऱ्यात वेताची खुर्ची नव्हती, तिथं मोठा टीव्ही होता. फोटो काढला आणि घरी आलो.

त्याच वर्षी आम्हा चित्रकारांचं एक प्रदर्शन होतं. टोळी आता पोटं सुटून प्रतिष्ठित झाली होती, मीही एका महाविद्यालयात कंपोझिशन शिकवत होतो. त्या भिंतीचा फोटो मोठा करून मी मधोमध लावला. उद्घाटनाला मुंबईहून कुणी जाणकार आणले होते, रेशमी झब्बा, गळ्यात दोरीचा चष्मा. सगळ्यांच्या चित्रांवरून ते भराभर गेले आणि माझ्यापाशी थांबले. डोंगर ठीक आहे, नदी ठीक आहे, म्हणाले. झाडही पुष्कळ लोक काढतात. पण झाडाखालचं हे धुकं! इथं चित्रकार दिसतो. इथं तो काहीतरी दाखवायचं नाकारतो, आणि त्यामुळंच ते आपल्याला जाणवत राहतं. असं काहीबाही ते बराच वेळ बोलत होते, आणि लोक माना हलवत होते.

टोळीतला खवचट मित्र शेजारीच उभा होता. त्यालाही ठाऊक नव्हतं. मी हात जोडून "आभारी आहे" म्हणालो. ते धुकं नाही, ते एका बाईचं घर आहे आणि ते मी पुसलंय, एवढं एक वाक्य होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मला स्वतःची किळस आली, आणि तरीही ते वाक्य मी गिळलं, कारण टाळ्या पडत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर माझे विद्यार्थी भोवती जमले. सर, धुकं कसं आणलंत ते सांगा ना. मी सांगितलं. रंग पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच ओल्या फडक्यानं वरून खाली पुसून घ्यायचा. एका दमात. हात थांबवायचा नाही. थांबला की खालचं काहीतरी राहून जातं.

त्यांनी वहीत लिहून घेतलं.